डोक्यावरची जागा

वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या कवेलूच्या घरांत छप्पर आणि माणूस यांच्यामध्ये माळा असतो. बांधणाऱ्यांनी तो राहण्यासाठी बांधलेला नसतो. भाव चढेपर्यंत कापूस, पेरणी येईपर्यंत बियाणं, पुढच्या लग्नापर्यंत आधीच्या लग्नातली भांडी, असं आज न लागणारं आणि उद्या लागणारं सगळं माळ्यावर जातं. घर आजचा दिवस खाली जगतं आणि उद्याची तरतूद वर ठेवतं.

सिंदी रेल्वेच्या आमच्या घराचा माळाही असाच. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर दोन्ही अंगांना उतरतं कवेलूचं छप्पर. सून होऊन आले तेव्हा या माळ्याची ओळख मला वासावरून झाली. कांदे, जुनं लाकूड, कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि उन्हानं तापलेली माती यांचा मिळून एक वास शिडीच्या तोंडाशी नेहमी असायचा. वर पितळी गुंड आणि गंज होते, तिफणीचे आणि डवऱ्याचे लाकडी भाग होते, घरातल्या सगळ्या लेकरांना पुरलेला पाळणा होता. आणि एका कोपऱ्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला, पाटावर चाकं बसवलेला लाकडी नंदी होता.

आमच्या गावात नंदीला मोठा मान. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा, लाकडी नंदींचा तान्हा पोळा भरतो. सिंदीचा तान्हा पोळा दूरवर प्रसिद्ध आहे, कारण इथले नंदी लेकराच्या हातात मावणारे नसतात. काही तर खऱ्या बैलापेक्षा उंच, पिढ्यान्‌पिढ्या जपलेले, अनेकांनी मिळून ओढायचे. आमचा नंदी त्या मानानं लहान, पण त्याची माळ्यावरची जागा ठरलेली. वर्षभर तो वर असतो आणि भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी खाली येतो.

या माळ्याची आता खोली करायची आहे. मी वही, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन या कामाला लागले, तेव्हा मला वाटलं होतं की प्रश्न लांबी, रुंदी आणि खर्चाचा असेल. मोजत गेले तसा प्रश्न माणसांवर येऊन थांबला.

घरात माणसं अशी: माझ्या सासूबाई, त्यांच्या थोरल्या जाऊबाई म्हणजे आमच्या मोठ्या आई, आम्ही दोघं, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांचा मुलगा, आणि यंदा अकरावीत गेलेली माझी मुलगी. मागच्या दोन खोल्या दोन जोडप्यांच्या. सासूबाई देवघराला लागून असलेल्या खोलीत झोपतात. पुढची ओसरी आणि बैठक पुरुषांची, पाहुण्यांची. मोठ्या आई आणि माझी मुलगी माजघरात. माजघर म्हणजे सगळ्यांच्या जाण्यायेण्याची वाट. रात्री पाण्याला उठणारा तिथूनच जातो, पहाटे शेतावर निघणाराही तिथूनच. एकीचं वय सतरा, दुसरीचं ऐंशीच्या पुढे, आणि दोघींमध्ये एक गोष्ट समान की या मोठ्या घरात लावून घ्यायला त्यांना एकही दार नाही.

मुलीच्या अभ्यासाची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. परीक्षेचं वय आहे, तिला शांत जागा हवी, हे आजकाल कोणालाही पटतं. माळ्याचा विषय निघाला तो तिच्यासाठी. मोठ्या आईंचं नाव कोणी घेतलं नाही. त्यांनी स्वतः तर नाहीच नाही.

आधी मापं सांगते, कारण मापांत बरंच काही दडलेलं असतं. आमच्या घराची रुंदी वीस फूट. माळ्याच्या फळ्या जमिनीपासून नऊ फुटांवर आहेत आणि बाजूच्या भिंती अकरा फुटांवर संपतात. म्हणजे माळ्यावर उभं राहिलं तर कडेला फक्त दोन फूट उंची. छपराचा उतार साधारण तीस अंशांचा, पावसाचं पाणी निघून जाण्याइतका. त्या हिशेबानं मधोमध, आढ्याखाली, पावणेआठ फूट. मधे माणूस सरळ उभा राहतो, दोन पावलं बाजूला गेला की वाकतो, आणखी दोन पावलांनी बसतो. सरासरी उंची पाच फुटांच्या आत येते.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत माळ्याची व्याख्या सामान ठेवण्याची जागा अशीच आहे, आणि तिची उंची जास्तीत जास्त दीड मीटर. म्हणजे सरासरीनं बरोबर आमचा माळा. राहण्याच्या खोलीला मात्र पावणेतीन मीटर उंची लागते. छप्पर उतरतं असेल तर सरासरी तेवढी हवी, म्हणजे नऊ फूट. सामानाची उंची आणि माणसाची उंची यांमध्ये सव्वा मीटरचा फरक. आमच्या घरात हा फरक भरून काढायचा तर छप्पर सव्वाचार फूट वर न्यावं लागतं. फळ्या साफ करून, गादी टाकून, दिवा लावून माळ्याची खोली होत नाही. छप्पर उतरवावं लागतं, बाजू चढवाव्या लागतात आणि पुन्हा शाकारावं लागतं. त्यासाठी परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा आणि नगर परिषदेची मंजुरी घ्यावी लागते. हा खटाटोप पाहून घरात कोणी म्हणालं, नुसत्या झोपण्यासाठी एवढं कशाला, आहे तसंच वापरू. पण ज्या खोलीत वाकून शिरावं लागतं, वाकूनच पुस्तक काढावं लागतं आणि वाकूनच कपडे बदलावे लागतात, ती वाढत्या वयाच्या मुलीला देणं मला मान्य नाही. तिनं या घरात ताठ उभं राहावं. सव्वाचार फूट त्यासाठी आहेत.

बाजू कशानं चढवायच्या, हा पुढचा प्रश्न. पक्क्या विटांची जोडाई म्हणजे जुन्या मातीच्या भिंतींवर आणि त्यांच्या पायावर मोठं ओझं. आपल्या महाराष्ट्रानं डोक्यावरच्या ओझ्याची किंमत ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे मोजली आहे. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिवकडची माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. उन्हाला आडोसा म्हणून लाकडावर मातीचा जाड थर देण्याची तिकडची रीत पिढ्यांच्या शहाणपणाची होती, पण दगडमातीच्या भिंतींनी तो भार सोडला तेव्हा हजारो माणसं त्याखाली गेली. वर्ध्याकडे भूकंपाचा धोका कमी आहे. तरीही आपल्या माणसांच्या डोक्यावर काय चढवतो आहोत, हे मोजल्याशिवाय वीट उचलू नये, असं मला वाटतं.

म्हणून बाजू कुडाच्या करायच्या ठरल्या. सागाचे खांब वर वाढवायचे, त्यांच्यामध्ये बांबूच्या कमच्या विणायच्या, दोन्ही बाजूंनी शेण, माती आणि भुशाचा गिलावा आणि बाहेरून चुना. भिंत हलकी होते आणि छपराची वळचण पुरेशी पुढे घेतली तर पावसातही टिकते. फळ्यांखालच्या कड्यांचीही तपासणी हवी. राहत्या खोलीच्या जमिनीनं चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार पेलावा, असा बांधकामातला हिशेब असतो. आमच्या माळ्यानं कापसाचे ढीग पेलले, पण कापूस जागा जास्त घेतो आणि वजन कमी देतो. पलंग, पुस्तकांचं कपाट, पाण्यानं भरलेला कूलर आणि चालती-बोलती माणसं हा वेगळा भार. वाढईकाकांनी एकेक कडी ठोकून आवाज ऐकला, आणि जिथं वाळवीनं आत पोखरलं आहे तिथं खडूची खूण केली.

मिस्त्रींनी छपराकडे पाहत एक वाक्य सांगितलं. "ताई, कापसाले गरमी होत नाही, मानसाले होते."

या जिल्ह्यात राहणाऱ्याला यावर अधिक बोलावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. दुपारी रस्ते रिकामे पडतात. त्या दिवसांत आमचं माजघर गार राहतं, कारण छपराचा पहिला तडाखा माळा सोसतो. तापलेली हवा वर कोंडते, खालच्या माणसापर्यंत तिचा थोडाच भाग पोचतो. घर बांधणाऱ्यांनी माळ्यावर सामान ठेवलं तेव्हा सामानासोबत ऊनही वरच ठेवलं. आता आम्ही तिथं माणूस नेऊन ठेवणार आहोत. म्हणजे आजवर माळ्यानं खालच्यांसाठी जे केलं, ते आता माळ्यावरच्यांसाठी कोणीतरी करायला हवं.

त्यासाठी छपराला छप्पर देण्याचा विचार आहे. कवेलूच्या खाली थोडी पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचं दुसरं आवरण घालायचं. कवेलू तापले की त्यांच्याखालची हवा त्या पोकळीत तापेल, वर चढेल आणि आढ्याजवळ ठेवलेल्या झरोक्यांतून बाहेर जाईल. पूर्व आणि पश्चिम या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर खिडक्या, पैकी पश्चिमेची लहान आणि सज्ज्याखाली. उन्हाळ्याआधी छपराला चुन्याची सफेदी, म्हणजे ऊन निम्म्या वाटेवरून परतेल. कूलर पूर्वेच्या खिडकीला लावायचा आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची, कारण ओली हवा आत येते तशी बाहेर जायला वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. आणि इतकं करूनही वैशाखातल्या दुपारी वरची खोली बंद राहील, मुलगी खाली येऊन बसेल, हे आम्ही आराखड्यातच लिहिलं आहे. आपल्या हवेशी भांडण करून घर बांधता येत नाही. वर्षातले काही आठवडे ही खोली फक्त रात्रीची असेल.

पत्रे टाका, असा सल्ला बहुतेकांनी दिला. त्यालाही कारणं आहेत. गावात वानरांच्या टोळ्या येतात आणि एका उडीत कवेलूंचा चुरा होतो. दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरायला हात मिळत नाहीत. देशी कवेलू करणारे कुंभारही कमी झाले. म्हणून आसपासची कितीतरी घरं टिनाची झाली, आणि त्या घरांतली माणसं दुपारी आमच्या ओसरीत येऊन बसतात. पत्र्याखाली माळ्यावर माणूस ठेवणं मला पटत नाही. जाड मंगलोरी कौलं, ज्यांना आमच्याकडे इंग्रजी कवेलू म्हणतात, ती वर घालू. १८६५मध्ये मंगळुरूला बासेल मिशननं ज्या कौलांचा कारखाना काढला, ती एकमेकांत अडकत असल्यामुळे सहसा सरकत नाहीत. जुन्या छपराचे शाबूत देशी कवेलू वळचणीला आणि गोठ्यावर लागतील. मधे चार काचेची कौलं, म्हणजे दिवसा दिवा लावायला नको.

हा सगळा विचार चालू असताना मी मुलीला घेऊन सेवाग्रामला गेले. सिंदीहून वर्ध्याकडे जाणाऱ्या गाडीत वर्ध्याच्या आधी सेवाग्राम स्टेशन लागतं. लहानपणापासून अनेकदा पाहिलेला आश्रम त्या दिवशी मी घर बांधणाऱ्या बाईच्या नजरेनं पाहिला.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ला या गावात आले तेव्हा त्याचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याकडच्या शेगावमुळे टपालाचा घोळ होऊ लागला म्हणून १९४०मध्ये ते सेवाग्राम झालं. सुरुवातीला उभी राहिली ती आदि निवास ही एकच वास्तू, आणि गांधीजींसह सगळे तिथंच राहत. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो ती मुळात मीराबहन यांची झोपडी. इंग्रज आरमारातल्या एका अधिकाऱ्याची ही लेक, मॅडलिन स्लेड. तिनं इथल्या मातीच्या भिंतींवर मातीनंच ताडाची झाडं आणि चरखा उठवला. पुढे गांधीजी त्या झोपडीत राहायला आले आणि गरजेप्रमाणे ती वाढत गेली. माती, बांबू, कवेलू. खिडक्या जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना पोचतील अशा. जगभरातले पुढारी जिथं येऊन बसले त्या खोलीच्या भिंतीला हात लावला की सारवणाचा खरबरीतपणा लागतो.

ऑस्ट्रियात जन्मलेले विचारवंत इव्हान इलिच जानेवारी १९७८मध्ये सेवाग्रामला एका परिषदेसाठी आले होते. ते या कुटीत बसून राहिले आणि त्यांनी तिच्यातल्या जागा मोजल्या. दारात जोडे काढण्याची जागा, मधली सगळ्यांची जागा, गांधीजींच्या बसण्या-कामाची जागा, पाहुण्यांची, आजाऱ्यांची, व्हरांडा आणि न्हाणीघर. अशा सात जागा त्यांना दिसल्या. एवढ्याशा झोपडीत प्रत्येक जागेला तिथं वावरणाऱ्या माणसाचं माप होतं, आणि आजारी माणसाची जागाही आधीच धरलेली होती. आपण घर बांधताना पाहुण्यांसाठी खोली काढतो, गाडीसाठी जागा काढतो. घरातलं कोणी आजारी पडलं तर त्याला कुठं ठेवायचं, हा प्रश्न आपण तो आजारी पडल्यावर विचारतो.

याच आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आहे. संस्कृतचे मोठे पंडित, त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळात अशा माणसाला कोणी दारात उभं करत नसे. त्यांना गांधीजींनी स्वतःच्या कुटीशेजारी जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. एका माणसासाठी एक झोपडी, आणि त्या झोपडीनं सांगितलेली गोष्ट ही की तू आमच्यातला आहेस.

आणि आहे बा कुटी. त्या दिवशी मी सगळ्यांत जास्त वेळ तिथं होते. आदि निवासात सगळ्यांची एकच मोठी जागा. पुरुष, पाहुणे, कार्यकर्ते, सतत येणारी-जाणारी माणसं. सगळ्यांमध्ये सगळं, हे आश्रमाचं तत्त्व होतं आणि कस्तुरबांनी आयुष्यभर ते निभावलं होतं. पण त्यांची अडचण होत होती. जमनालाल बजाजांच्या ती लक्षात आली आणि त्यांनी बांसाठी वेगळी झोपडी बांधून दिली. लहानशी, साधी. ज्या बाईनं दक्षिण आफ्रिकेपासून एकामागून एक आश्रम उभे राहताना पाहिले, सगळ्यांना वाढलं, सगळ्यांची ऊठबस केली, तिला स्वतःचं दार मिळालं ते वयाच्या साठीनंतर. आणि फार दिवस मिळालं नाही. ऑगस्ट १९४२मध्ये त्या गांधीजींसोबत मुंबईला गेल्या, ९ ऑगस्टला अटक झाली, आणि २२ फेब्रुवारी १९४४ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांनी प्राण सोडला. सेवाग्रामला त्या परत आल्या नाहीत.

बा कुटीच्या दारात उभी असताना मला मोठ्या आईंची आठवण येणं अपरिहार्य होतं. लग्न होऊन त्या सिंदीच्या घरात आल्या तेव्हा घर भरलेलं होतं. काही वर्षांत थोरले मामंजी गेले, मूलबाळ नव्हतं, आणि मग त्यांची खोली पुढच्या नव्या जोडप्याला गेली. त्या माजघरात आल्या. कोणी त्यांच्यावर अन्याय करायचा म्हणून केला नाही. घरात तशी रीतच होती. त्यानंतर त्या घरातल्या प्रत्येक बाळंतपणाला जाग्या राहिल्या, प्रत्येक लेकराला त्यांनी न्हाऊ घातलं. कापूस वेचायला सुरुवात करण्याआधी शेतात सीतादही करायचं, तर नैवेद्याचा दहीभात अजूनही त्यांच्याच हातचा. त्यांची पेटी माजघराच्या कोपऱ्यात आहे आणि तिच्यावर दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तू ठेवलेल्या असतात.

परतल्यावर मी नकाशाचा कागद पुन्हा उघडला आणि माळ्याचे दोन भाग केले. बाराशे चौरस फुटांची चैन आमच्याकडे नाही. घराच्या मागच्या भागावरचा वीस फूट रुंद आणि चोवीस फूट लांब असा पट्टा खोलीयोग्य होतो. मधे पडदी घालून पूर्वेचा भाग मुलीला आणि पश्चिमेचा आम्हा दोघांना. म्हणजे आमची खालची खोली रिकामी होते. तिला दोन खिडक्या आहेत, न्हाणी तिच्यापासून चार पावलांवर आहे आणि तिला आतून कडी आहे. ती मोठ्या आईंची.

मोठ्या आईंना सांगितलं तेव्हा त्या गहू निवडत होत्या. "मले कायले खोली पायजे आता, पोरी? जलम गेला माजघरात," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्हाला पाहिजे का, हे मी विचारतच नाही मोठ्या आई. ती तुमची आहे, एवढं सांगते." त्या गहू निवडत राहिल्या. मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "खिडकी कोन्त्या आंगाले हाय?" हा प्रश्न राहणाऱ्या माणसाचा होता. मी सांगितलं, एक पूर्वेला आणि एक आंगणाकडे.

आता उरला जिना, आणि घराचा खरा नकाशा जिन्यानं काढला. नऊ फुटांवर आणि वरच्या जमिनीच्या जाडीवर चढायचं, तर एकोणीस सेंटिमीटर उंचीच्या पंधरा चढण्या लागतात. प्रत्येक पायरी पंचवीस सेंटिमीटर रुंद धरली तर जिना साडेअकरा फूट लांब जागा खातो. ती जागा कोणाची? बाहेरून, आंगणातून काढला तर पावसात भिजत जायचं, आणि रात्री मुलीनं घराबाहेर पडून वर जायचं. शिवाय वरचे लोक घरापासून तुटतात. माजघरातून काढला तर बायकांच्या कामाची उरलीसुरली जागा जाते. तिसरी जागा ओसरीची. तिथं बंगई आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. पुरुष संध्याकाळी तिच्यावर बसतात, भावांच्या आणि बाजाराच्या गोष्टी होतात.

आजवर घरात जे जे नवं आलं त्यानं जागा घेतली ती माजघरातून किंवा स्वयंपाकघरातून. शिवणयंत्र आलं, फ्रिज आला, पाण्याची टाकी आली. ओसरीला कधी कोणी हात लावला नव्हता. म्हणून हा विषय मी सगळ्यांसमोर काढला. थोडी शांतता झाली. धाकट्या दिरांनी मोजपट्टी घेतली, स्वतः ओसरी मोजली आणि म्हणाले, "वहिनी, बंगई आडवी टांगली तर जिनाही बसते आन बंगईही राह्यते." मग त्यांनीच खडूनं जमिनीवर पायऱ्या आखल्या. त्यांचा मुलगा त्या खडूच्या पायऱ्यांवरून चढउतार करू लागला. घर वाढतं ते असं. कोणीतरी आपली जागा थोडी आवरून घेतो.

माळ्यावरच्या सामानाचं काय, हेही ठरवायला बसलो. गुंड-गंज कल्हई करून वापरात आणायचे. तिफण आणि डवऱ्याचे भाग गोठ्याच्या आढ्याला टांगायचे. बियाण्यासाठी कोरडी, उंदीर न पोचणारी फडताळं जिन्याखाली. कापसासाठी मात्र घरात जागा ठेवायची नाही, असं मी ठामपणे म्हटलं आणि ते सगळ्यांना पटलं. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या वर्षी तोच भाव येईल म्हणून गावोगाव लोकांनी घरात, माळ्यावर, अंथरुणाशेजारी कापूस भरून ठेवला. भाव आला नाही, आणि घरातल्या लेकरांच्या अंगाला मात्र खाज सुटली. शेतकऱ्याचं घर हेच त्याचं गोदाम असावं लागतं, हे आपल्या व्यवस्थेचं दुखणं आहे. ज्या घरात कापसाला छपराखाली जागा मिळते आणि बाईला मिळत नाही, त्या घरानं आपली मांडणी बदलायला हवी. बदलता येण्याजोगं जेवढं आपल्या हातात आहे तेवढं तरी.

नंदीची जागा मुलीनं सुचवली. जिन्याच्या वरच्या टोकाशी, दोन खोल्यांच्या मधे, भिंतीत कोनाडा. खाली आणायलाही सोपं आणि रोज सगळ्यांना दिसेल असं. लुगड्यातून तो कायमचा बाहेर येईल.

पंधरा पायऱ्या मोठ्या आई चढणार नाहीत, हे खरं आहे. वरची खोली त्या कदाचित कधीच पाहणार नाहीत. पण या कामातली सगळ्यांत महत्त्वाची खोली वरची नाहीच. छप्पर सव्वाचार फूट वर जातं ते मुलीला ताठ उभं राहता यावं म्हणून आणि एका म्हाताऱ्या बाईला खाली आपलं दार लावून घेता यावं म्हणून. घर वाढवायला निघालेल्या प्रत्येकाला मला हेच सांगावंसं वाटतं. मोजपट्टी काढण्याआधी घरातल्या माणसांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे त्याचं दार कोणतं ते लिहा. ज्याच्या नावापुढे काही लिहिता येत नाही, त्याच्यापासून नकाशा सुरू करा. मग जागा वर निघो, मागे निघो की ओसरीतून निघो. आमचा नकाशा मंजुरीसाठी गेला आहे. त्यात खालच्या त्या खोलीवर अभियंत्यांनी नुसतं "शयनगृह" असं लिहिलं होतं. मी त्यांना विनंती करून तिथं मोठ्या आईंचं नाव घालायला लावलं. पुढे कधी कोणाच्या लग्नात, कोणाच्या सोयीत त्या खोलीकडे घराची नजर वळली, तर कागदावर ते नाव असेल.